ठसको इलो गो?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सांखळीला एका लॅबमध्ये रक्त तपासते. रिपोर्टमध्ये नसेल ते माझ्यासाठी नसतंच. नवरा म्हणतो, हिच्यापुढे देव उभा राहिला तरी ही आधी सॅम्पल मागेल. तेव्हा हे वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलेच असते.

आम्ही कारापूरला राहतो. माझं माहेर इब्रामपूर, पेडण्याच्या अगदी टोकाला. तीन वर्षांपूर्वी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली आणि माझ्या आईने एक खूळच घेतलं. माहेरून निघताना दृष्ट काढल्याशिवाय ती गाडीला फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही. मीठ-मिरच्या मुठीत घेऊन गाडीभोवती फिरायची आणि न्हाणीच्या चुलीत टाकायची. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला, तर सगळं ठीक. जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट लागलीय. मग परत काढायची, ठसका येईपर्यंत! आई आतून ओरडायची, "ठसको इलो गो?" मी गाडीतून ओरडायची, "नाय गो आये!" की लगेच, "थांब तर, आणखी एकदा काढतंय!"

कधी कधी तीन-तीन वेळा चालायचं हे. मला उशीर व्हायचा, मी वैतागायची. शेवटी मी युक्ती काढली — खोटं खोटं खोकायचं, "इलो, इलो!" म्हणायचं आणि गाडी काढायची.

शेवटच्या वेळीही मी तेच केलं. मिरच्यांचा वास येत होता, ठसका मात्र आला नव्हता. मी खोकले, हॉर्न वाजवला आणि निघाले. आठच दिवसांनी आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी गाडीत जळका वास यायला लागला.

पहिल्या गॅरेजवाल्याने सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी खरवडून काढली. दुसऱ्याने, इंजिनावर ऑइल ठिबकतंय म्हणून पॅकिंग बदललं. वास तसाच. नवऱ्याला तो येतच नव्हता. मला यायचा, आणि आमच्या लेकीला, श्रावणीला. श्रावणी अकरा वर्षांची, तिला रोज शाळेत मीच सोडते. चालत्या गाडीने पेट घेतला तर? या भीतीने मी सगळ्या काचा खाली करून बैलगाडीसारखी गाडी हाकायची. मागचे लोक शिव्या घालत पुढे जायचे.

एका शनिवारी दुपारी श्रावणीला घेऊन सुर्ल्याला भिकूमिस्त्रींकडे गेले. मिस्त्री मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीच्या ट्रकांखाली अर्धं आयुष्य काढलेले. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.

"वास कसलो ता आधी सांगा बाय. रबर जळता तसो? तेलाचो? काय वायरीचो?"

श्रावणीनेच सांगून टाकलं, "मिरचीचा. आजी दृष्ट काढायची ना, तस्साच. पण ठसका येत नाही."

इतके दिवस मलाही तोच वास येत होता... पण लॅबवाल्या बाईने ते बोलायचं कोणत्या तोंडाने?

"मिरचीचो?" मिस्त्री हसायला लागले. "मगे मसाल्याच्या गिरणीत न्हेवक होयी होती, माझ्याकडे कित्याक हाडलात?" पण माझा चेहरा बघून त्यांनी हसणं आवरलं. "बरा, खयसून येता ता दाखवा."

श्रावणीने पुढच्या डाव्या सीटवर हात ठेवला. "इथून. ही आजीची सीट."

आता त्याच सीटवर श्रावणी बसते.

मिस्त्रींनी सीट काढली, खालचं कार्पेट उचललं आणि मला जवळ बोलावलं. खाली एक जाड लाल वायर होती. आधीच्या मालकाने मोठे स्पीकर बसवले असणार आणि विकताना स्पीकर तेवढे काढून घेतले असणार. वायर तशीच, थेट बॅटरीतून आलेली, मध्ये फ्यूज नाही. सीट मागेपुढे सरकवून सरकवून तिचं वरचं आवरण पार सोललं होतं. उघडी तार आणि सीटचं लोखंड यांच्यात नखाएवढं अंतर राहिलं होतं.

"टेकली असती तर..." मिस्त्रींनी श्रावणीकडे बघितलं आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग वायर नाकाला लावली, कार्पेट हुंगलं. "पण बाय, हय काय एक जळलेला नाय. साधो डागसुद्धा नाय. मगे वास कसलो?"

त्यांनी ती वायर बॅटरीपासून तोडून अख्खी ओढून काढली, सीट परत बसवली. श्रावणी त्यांच्याजवळ बाहेरच उभी होती. खिडकीशी वाकून ते म्हणाले, "चालू करा."

मी चावी फिरवली आणि वास आला. असा आला, जणू मूठभर मिरच्या कुणी निखाऱ्यावर टाकल्या. मला ठसका लागला, श्रावणीला लागला, मिस्त्री तर खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसत मागे सरले. "गे बाय माझे! ह्यो कसलो ठसको?"

मी स्टिअरिंग धरून रडत होते आणि खोकत होते. थोडी सावरले तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हटलं, "इलो गो आये. आज खरोच इलो."

याला आता सात महिने झाले. वास पुन्हा आलेला नाही. एसीचा फिल्टर, मनाचे खेळ, आईची आठवण — स्वतःला सगळं सांगून पाहिलं. पण मिस्त्रींच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलंय, आणि त्यांनी माझ्या आईला कधी बघितलंही नव्हतं. ते वाटेत भेटले की नुसती मान हलवतात. रिपोर्ट काढावा असं माझ्या हातात काहीच नाही.

फक्त इब्रामपूरहून निघताना आता मी घाई करत नाही. गाडी फाटकापाशी थांबवते, इंजिन बंद करते आणि थोडा वेळ तशीच बसते. काही घरात विसरलं असं वाटून भाऊ ओट्यावरून विचारतो, "काय रवला काय गो?" मी म्हणते, "नाय रे, काय नाय."