आत्याच्या कोपराचं बटण

त्या वायरमनला सगळे पाठीमागे ‘आंधळी कोशिंबीर’ म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. नवं बटण बसवायचं असलं की हा गडी आधी घरच्यांना डोळे मिटायला लावी आणि दारातून आत यायला सांगे. हात आपसूक भिंतीला जिथे लागेल, तिथे बटण. तीस वर्षांत त्याचं एकही बटण हलवावं लागलं नव्हतं. हे तो कुणी न विचारताच सांगे.

आत्याने त्याला बोलावलं ते बैठकीतल्या उभ्या दिव्यासाठी. दिव्याचा प्लग, त्याच्या बटणासकट, कपाटामागे गेला होता. कपाट आत्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हौसेने तिथे ठेवलेलं. ते हलवायचा विषय निघाला की दादाची कंबर धरे. मग रोज संध्याकाळी आत्या फटीत शिरे, कारण घरात तेवढी बारकी तीच. पासष्टीची बाई आडवी होऊन आत जाई आणि डोक्याला जळमटं लावून बाहेर येई. गेल्या आठवड्यात ती आत अडकली, तेव्हा दादाने वर्तमानपत्रातून मान न काढता विचारलं, “लागला का गं दिवा?” दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वायरमनला फोन केला.

वायरमनने मेन स्विच बंद केला आणि कपाटाच्या पायांखाली फडकं सारून ते एकट्याने ओढलं. कपाट गुमान पुढे आलं. दादाला कपाटाचा फार राग आला.

“फेजची तार दाराजवळच्या नव्या बटणातून फिरवून आणतो,” वायरमन टेस्टर लावून बघत म्हणाला. “प्लग आहे तिथेच राहील. आता मिटा डोळे.”

दादा डोळे मिटून, छाती काढून आला. त्याचा हात थेट वायरमनच्या टकलावर पडला.

“बस्स! याच उंचीवर लावा,” दादाने निकाल दिला.

आत्या म्हणाली, “मी अशी हात हलवत कधी येते का?” ती आत जाऊन ट्रेमध्ये तीन रिकामे कप मांडून घेऊन आली. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात अडकलेले. दारात वळताना तिचं कोपर भिंतीला लागलं. वायरमनने लगेच पेन्सिलने खूण केली.

“अहो, तिथे मला कमरेत वाकावं लागेल!” दादा म्हणाला.

“वाका की. कपाटामागे शिरण्यापेक्षा सोपं आहे.” वायरमनने बॅटरीवरचं ड्रिल चालू केलं, त्यामुळे दादाचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही.

दोन तासांनी मेन चालू झाला. आत्या खरा चहा घेऊन आली आणि तिने कोपराने बटण दाबलं. दिवा लागला. तिला इतका आनंद झाला की तिने तो लगेच बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. चहा ट्रेमध्ये हिंदकळायला लागला.

“दादा, हे धर जरा.”

दादाने ट्रे धरला. आत्या आता मोकळ्या बोटाने दिवा लावत बसली. वायरमन चहाकडे आशेने बघत होता. बऱ्याच वेळाने दादाच्या लक्षात आलं की चहा आज आपल्यालाच द्यायचा आहे. त्याने तिन्ही कप नीट निरखले.

“चिमणे, यात एक बिनसाखरेचा दिसतोय. तो कोणाचा?”

“तुझा,” आत्या म्हणाली. “बारा वर्षं झाली.”