टार्गेटवरचं सहावं छिद्र

धानोरा तालुक्यातल्या नक्षलविरोधी फोर्सच्या कॅम्पवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो आणि सेक्शनचा रेडिओ सेट माझ्या पाठीवर असे. गाव घुग्घुसजवळचं. कोळशाच्या धुळीत वाढलेल्या माणसाला श्वास घ्यायला कोणी काय शिकवावं, अशी माझी समजूत. आवाज मात्र खणखणीत. घरून फोनवर बोललो तर बायको म्हणे, फोन कशाला, खिडकी उघडून बोला, पोचते.

त्याच सेक्शनमध्ये नायक देवराव शेंडे होता. जातीने ढिवर, आरमोरीकडच्या एका तळ्यावर वाढलेला. जाळं पाण्याखाली खुंटात अडकलं की बुडी मारून सोडवायचं, हे त्याचं बालपण. पुढे ट्रेनिंग सेंटरच्या उस्तादांनी त्याला प्राणायाम शिकवला. रोज पहाटे साडेपाचला तो बराकीमागच्या मोहाखाली बसे. एका नाकपुडीने चार मोजून श्वास घ्यायचा, दुसरीने आठ मोजून सोडायचा. वीस मिनिटं. सहाला पीटी.

नर्सिंग असिस्टंटने एकदा सगळ्यांची नाडी मोजली. शेंडे चोपन्न. मी अठ्ठ्याऐंशी, तीही खुर्चीवर बसून. उकाडा असो, डास असोत, शेंडे पडल्या पडल्या झोपे. मी छताच्या पत्र्याचे खिळे मोजत असे. डोंगर चढून आल्यावर तो सहज बोले. मी पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवी. कंपनी कमांडर म्हणाले, शेंडेसे कुछ सीखो. त्या दिवशी मला भाजीत मीठ जास्त लागलं.

मला त्याचा हेवा वाटे. दुसरा शब्द नाही. याला सर्दी झाली की फोर्सचं कसं होणार, असं मी मेसमध्ये सगळ्यांना हसवून सांगे. सगळ्यात जास्त तोच हसे. त्याचाही राग येई.

एकदा तो म्हणाला, “भाऊ, बसा ना दहा मिनिटं संगं.”

मी म्हणालो, नाक धरायला मला वेळ नाही.

हे खोटं होतं. फायरिंग टेस्टच्या सकाळी मी रेंजमागच्या सागात एकटाच बसलो आणि त्याच्या पुढे जायचं म्हणून भात्यासारखा जोरजोरात श्वास ओढला. चांगली पंधरा मिनिटं. ओठ बधिर झाले, बोटं वाकडी झाली, झाडं हलायला लागली. मला वाटलं, शक्ती चढते आहे. तसाच जाऊन आडवा झालो आणि पाच राउंड सोडले.

माझ्या टार्गेटवर एकही छिद्र नव्हतं. शेजारचं टार्गेट शेंडेचं. उस्तादांनी मोजलं आणि ओरडले, “शेंडे, गोली पाँच, छेद छह!”

परतताना शेंडे हळूच म्हणाला, “भाऊ, तुमी नुसती आत घेऊन राह्यले. बाहेर कोन सोडन?”

आठ दिवस मी त्याच्याशी ड्युटीपुरतंच बोललो.

त्यानंतरच्या महिन्यात आम्ही रोड ओपनिंगला, म्हणजे गाड्या जाण्याआधी रस्ता सुरुंगांसाठी तपासायला, निघालो. सकाळी सहाला कॅम्प सोडला. दहा चाळीसला पुलाच्या अलीकडे स्फोट झाला आणि बांबूच्या रांजीतून, दाट बेटातून, नक्षलवाद्यांचा फायर आला. मी रस्त्याकडेच्या नालीत पडलो. शेंडे माझ्याशेजारी. त्याला बरगडीखाली लागलं होतं.

सेटवर कंट्रोल विचारत होता, “लोकेशन बताओ. ओव्हर.”

मी बटण दाबलं. आवाज निघेना. नुसती धाप. ओठ बधिर, बोटं वाकडी, अगदी रेंजवरच्यासारखी. आमचं लोकेशन गेलं नाही तर मदत येणार नव्हती, आणि सेक्शनमध्ये सेट एकच होता.

शेंडेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, घेऊ नोका. आधी सोडा.”

तो मोजू लागला. आठपर्यंत. मी सगळी हवा सोडली. परत आठ. माझी बोटं सरळ झाली. तिसऱ्या वेळी तो पाचावर थांबला. सहा, सात, आठ मी मोजले.

मग बोललो. “कंट्रोल, पुल के दक्षिण में दो सौ मीटर. एक कॅज्युअल्टी. ओव्हर.” आवाज स्वच्छ गेला, असं नंतर कंट्रोलवाल्याने सांगितलं. अकरा पंचवीसला मदत पोचली. शेंडे सोडून बाकीचे सगळे कॅम्पवर परतलो.

त्याच्या गावी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याची बायको शेवंताबाई हिने ट्रंकेतून घडी केलेला कागद काढला. रेंजवरचं टार्गेट. पाच छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. सहावं पार कोपऱ्यात, पेनने गोल केलेलं.

“हे तुमचं म्हनत,” ती म्हणाली. “अन् म्हनत, सेटवर बोलाव तं भाऊनं. मले तसा आवाज देवानं देल्ला नाई. लय हेवा करत तुमचा.”

मी चहा पीत राहिलो.

आता मी निवृत्त आहे. रोज साडेपाचला नाक धरून बसतो. शिट्टीसारखा आवाज होतो, बायको कूस बदलते. झोप लागते. नाडी बहात्तरवर आली आहे. चोपन्न काही होत नाही, आणि त्याचा हेवाही जात नाही.

दरवर्षी त्या तारखेला त्याच्या तळ्याच्या पाळीवर, बांधावर, जातो. दहा चाळीसला आधी सगळी हवा सोडतो. मग त्याचं नाव घेतो. नायक देवराव शेंडे. पलीकडच्या काठाला जाळं ओढणारे ढिवर मान वर करून बघतात.