भिंतीतला कापूस

रामधन वायरमनला घाटंजीत लोक पाठीमागे ‘आगलाव्या’ म्हणतात. तो पूर्वी एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. कापसाच्या गंजीला आग लागली, ती याच्याच जोडणीने, असं मालकाने ठरवून त्याला काढलं. खरंखोटं व्हायच्या आत जिनिंगच बंद पडली. त्या वर्षांत कापूस येईनासाच झाला होता. तेव्हापासून तो घरांच्या भिंतींत झिऱ्या पाडून पाइप आणि जोडणीचे डबे बसवतो. कुणाशी धड बोलत नाही.

आमच्या मागच्या खोलीचं काम यांनी, म्हणजे श्रीकृष्णांनी, त्यालाच दिलं. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. नव्या फरशीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायचा. मी पाणी ओतलं की म्हणायचा, “धुवा, धुवा. तुमाले दुसरं काम काय हाये?”

प्लास्टरचा माल आत जाऊ नये म्हणून डब्यांच्या तोंडात कागद कोंबतात. त्या हिवाळ्यात सगळे कापूसच कोंबत होते. भाव नसल्याने तो घरोघरी पडून होता, कागदापेक्षा हाताशी. नंतर तो काढायचा, तारा ओढायच्या, झाकण लावायचं.

खोलीत दिवा लागला. स्पृहाचा पलंग भिंतीला लावताना माझ्या लक्षात आलं की तिच्या उशीच्या वर एक डबा होता. आता तिथे सपाट भिंत होती.

“रामधनभाऊ, इथला डबा कुठे गेला?”

“बुजला. तार सरळ गेली. त्याचं कामच नोतं.”

“आणि आतला कापूस?”

“असन आतच.”

“माझी पोरगी इथे झोपणार आहे!”

“मंग झोपू द्या ना. म्या काय तिले उठवून राह्यलो?”

गवंडी गोविंदा शिडीवरून हसला. “त्याले नोका विचारू वहिनी. कापूस कसा पेटते, हे गावात यालेच मालूम.”

रामधनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडेच पाहत राहिला, जणू ते मीच बोलले होते. आणि मी बोललेच. “खोटं काय आहे त्यात? एकदा लावलीतच ना आग?”

त्याने छन्नी उचलली. मी दाराशी सरकले. पण त्याने ती भिंतीवर धरली आणि हातोडी अशी हाणली की प्लास्टरचे तुकडे पलंगभर उडाले. डबा उघडा पडला. दोन बोटांनी त्याने कापूस ओढून माझ्या हातावर ठेवला.

“घ्या. हे तुमची आग.”

कापूस एका अंगाने पिवळा पडला होता.

“हा असा कशाने झाला? तारेच्या गरमीने?” मी विचारलं.

“ओलीनं.”

“नक्की?”

“जिनिंगच्या मालकानं बी असंच विचारलं होतं. तवाबी म्या खरंच सांगतलं.” त्याने पिशवी खांद्याला लावली. “झाकण दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या. मले बोलावू नोका.”

यांनी दोनदा निरोप धाडला. तो आला नाही. दुसरा वायरमन म्हणतो, ओलीनेच झालं असेल. ‘असेल’ म्हणतो. तो डबा अजून उघडा आहे, खोलीचा मेन बंद आहे, आणि स्पृहा माझ्याजवळच झोपते.