फणसावरचा वरवंटा

आमची वाडी कुडपणच्या अंगाला, डोंगरावरच्या सपाटीला. तिथला वारा काय सांगू तुम्हाला! बोलायला तोंड उघडलं की शब्द बाहेर यायच्या आधी वाराच आत शिरायचा. आणि अशा ठिकाणी आमच्या ह्यांनी मुंबईहून रेडिओ आणला. हे तिकडं गिरणीत, मी इकडं सासूसासऱ्यांजवळ. नवी सून, बोलायची हौस दांडगी आणि ऐकणारं कोणी नाही. मग संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी रेडिओशीच बोलायची. बातम्या सांगणाऱ्या बाई निघाल्या की म्हणायची, "घाई काय, चहा टाकलाय."

पण डोंगरात नुसता रेडिओ बोलत नाही, त्याला एरियल लागते. एरियल म्हणजे तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी. ह्यांनी जाताना घराच्या आढ्याला एक बांबू बांधला, आणि तिथून समोरच्या फणसापर्यंत पट्टी ओढली. चांगली ताणून, तंबोऱ्याच्या तारेसारखी. "आता हलायची नाय," म्हणाले, आणि गेले आपले मुंबईला.

एरियल नव्हती हलत, पण फणस हलायचा ना! वारा आला की फणस मागं झुके आणि बांबूला ओढी. त्या पावसाळ्यात बांबू दोनदा पडला, दोन्ही वेळा कौलं घेऊन पडला. कौलं पोलादपूरहून आणायची, शेवटचा चढ डोक्यावरून. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्या खेपेला कौलं उतरवून ओटीवर बसले ते घाम पुसत म्हणाले, "आता पडला ना बांबू, तर ह्यो डबा मुंबईला परत. सांगून ठेवतो."

खरं सांगू? दुसऱ्यांदा पडला त्यात वाऱ्याचा दोष निम्माच. उघडीप बघून आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओली गोधडी एरियलवर वाळत घातली होती. वारा आला, गोधडी फुगली गलबताच्या शिडासारखी, आणि बांबू निघाला समुद्राला! मामंजी शेतावरून येईपर्यंत गोधडी उचलून पेटीत गेली होती. मी पाहिलं होतं. आत्याबाईंनी मला पाहताना पाहिलं होतं.

पुढं हस्ताचा पाऊस लागायची वेळ आली. हस्ताचा वारा म्हणजे सगळ्यात द्वाड. मामंजींची तर खात्रीच होती. त्यांनी रेडिओ आधीच पोत्यात घालून तोंड सुतळीनं बांधलं. शेजारचे भावजी त्याच आठवड्यात मुंबईला जायचे होते, त्यांच्याबरोबर पाठवायला.

माझा जीव त्या पोत्यात अडकला. विहिरीवर पाणी काढता काढता कप्पीकडं बघत बसले. दोर सैल झाला की घागर खाली जाते, ओढला की वर येते, पण दोर तुटत नाही. मनात म्हटलं, मग एरियल तरी फणसाला घट्ट कशाला बांधायची? फणसाला कप्पी लावावी, एरियलच्या टोकाला दोर जोडून तो कप्पीवरून घ्यावा, आणि दोराला वजन टांगावं. झाड हलू दे किती हलायचं ते, वजन वरखाली होईल, बांबूला ओढ बसायची नाही!

मोडक्या रहाटाची कप्पी गोठ्यात होती. वजन हवं होतं, लहान पण जड. मी आत्याबाईंकडं गेले.

"आत्याबाई, वरवंटा द्या."

"कशापायी गो?"

"फणसाला बांधायचाय."

"येडी का काय! चटणी कशावर वाटू? तुझ्या डोक्यावर?"

मी नुसतं म्हटलं, "गोधडी वाळली का हो?"

आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं, आणि वरवंटा तर दिलाच, वर तो ठेवायला दह्याचं शिंकंही दिलं. मामंजी शेतात गेल्यावर कासोटा घातला आणि चढले फणसावर. आत्याबाई खाली राखणीला. बांबूलाही तीन बाजूंनी दोरांचे ताण दिले, आणि वरवंटा पानांआड लोंबत ठेवला.

दोन दिवस चटणी दगडानं ठेचलेली. मामंजी म्हणाले, "ही चटणी हाय का खडी?"

आत्याबाई म्हणाल्या, "दात हायत ना अजून? मग चावा."

तिसऱ्या दिवशी दुपारी आंबेनळी घाटाच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. मामंजी ओटीवर पोतं शेजारी घेऊन बसले, बांबू पडायची वाट बघत. फणस मागं झुकला. बांबू उभा. फणस पुढं आला. बांबू उभाच. मामंजी पुढं सरकले, डोळ्यांवर हात धरला.

"अगो, फणस लागलाय झाडाला!"

"हस्तात कुठला फणस?" आत्याबाई आतूनच म्हणाल्या.

"हाय ना! वर चाललाय... आता खाली आला... परत वर चालला!" तेवढ्यात वाऱ्यानं पानं बाजूला सारली. "अगो, ह्यो तर आपला वरवंटा!"

आम्ही दोघी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून बसलो.

वारा संध्याकाळी निवला. शेजारची कौलं आमच्या अंगणात आली होती, पण आमचं एकही हललं नव्हतं. मामंजी जेवायला बसले. ताटातल्या ठेचलेल्या चटणीकडं बघितलं.

"वरवंटा खाली काढा आता," म्हणाले.

"काढते मामंजी. मग बांबूही उतरवावा लागंल."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला. बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बाजाराला जायन तेव्हा दुसरा आनीन. आणि त्या पोत्याचं तोंड सोड, बातम्यांची वेळ झाली."

मी इतक्या घाईनं सुतळी सोडायला गेले की गाठ आणखीनच बसली. शेवटी आत्याबाईंनी विळीवर कापली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आत्याबाई गोधडी खांद्यावर टाकून अंगणात आल्या, एरियलखाली उभ्या राहिल्या, वर बघितलं. ओटीवरून मामंजींनी मान न वळवताच सांगितलं, "तिथं नको गो. मागच्या टायमाला दोन डझन कौलं खाल्लीन तुझ्या गोधडीनं."