पाठकोरे

लढाईच्या दिवसांत जबलपुरात कागद मिळेनासा झाला, तेव्हा माझ्या आईने बाबांच्या लेखांच्या मागे लिहायला सुरुवात केली. बाबा शाळेत संस्कृत शिकवत आणि नागपूर-पुण्याच्या मासिकांत लेख लिहीत. आई कथा लिहायची. कांचघर वस्तीत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि त्यात एकच टेबल. सकाळी ते बाबांचं असे, दुपारी आईचं. लेखाची पक्की प्रत टपालात पडली की कच्चे कागद आईच्या ताब्यात येत. कागद इतका पातळ की शाई आरपार उतरे, म्हणून मागच्या बाजूला ती शिसपेन्सिलीने लिही.

एकदा घाईत तिने कथा त्याच कागदांवर पाठवून दिली. संपादकांनी कागद उलटे धरले आणि बाबांचा अनुप्रासावरचा लेख आईच्या नावाने छापून आला.

"माझ्या नावाने तर तो दोनदा परत आला होता," बाबा म्हणाले.

"लिहिणाराचा हात लागतो त्याला," आई म्हणाली. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची क्वार्टरं तेव्हा नवी नवी वसत होती. तिथल्या एका बाईवर आई मोठी कथा लिहीत होती. अमरावतीकडून नांदायला आलेली बाई, नवरा कारखान्यात, शेजारी कोणाची भाषा कळत नाही. आई लिहिलेलं संध्याकाळी वाचून दाखवायची. बाबा मध्येच म्हणायचे, "ही इतकी गप्प काहून आहे?" आई म्हणायची, "बोलेल. घाई नका करू."

लढाई संपली त्याच वर्षी बाबा विषमज्वराने गेले. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात माणसं आली, गेली. शेजारच्या चाची डबा आणत, "बहनजी, दो कौर तो खा लीजिए," म्हणत, आणि आई दोन घास खाई. आम्ही दोघी रडलो नाही. मी केस विंचरत असे, पाणी भरत असे, आणि हे सगळं कोणीतरी दुसरं करतंय असं वाटे.

दोनेक महिन्यांनी नागपूरच्या एका ग्रंथसंग्रहालयाचे गृहस्थ आले. बाबांचे लेख त्यांना माहीत होते. "सरांची कागदपत्रं आम्हाला द्या, वहिनी. आम्ही नीट जपून ठेवू," ते म्हणाले. आईने लाकडी पेटी पुढे सरकवली. त्यांनी जमिनीवर बसून एकेक गठ्ठा सोडला. शाळेची पत्रं, मासिकांची पत्रं, मग लेख. लेख उलटून पाहताना त्यांचा हात थांबला.

"मागे पेन्सिलीने काहीतरी आहे."

"ते माझं आहे," आई म्हणाली.

"मग हे ठेवता का तुम्ही?"

"ठेवले तर यांचे लेख राहतात इथेच. न्या तुम्ही."

मी आईला आत बोलावलं. "त्यांना चार दिवस थांबायला सांग. मी उतरवून घेते तुझं, खमरियाच्या बाईचं तरी."

"कशावर उतरवशील?" आई म्हणाली. कागद तेव्हाही मिळत नव्हता. पण तो असता तरी तिने हेच सांगितलं असतं, असं तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाटलं. तिने चहा गाळला. गृहस्थांनी पेटी टांग्यावर चढवली आणि आम्ही दारातून परत आत आलो.

वर्षभराने त्यांचं पत्र आलं. बाबांचा संग्रह लावून झाला होता, एकदा येऊन पाहावा, अशी विनंती होती. आम्ही नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदियाला गेलो आणि तिथून नागपूरला. संग्रहालयात कापराचा वास होता. गृहस्थांनी कपाटातून लाल कापडी बांधणीचे खंड काढून टेबलावर ठेवले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, ते दिसत होतं.

आईने पहिला खंड उघडला. प्रत्येक पान पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. तिने पान उलटलं. मागे कोरा, पिवळसर, जाड कागद. तिने आणखी काही पानं उलटली.

"मागची बाजू?" मी विचारलं.

गृहस्थांचा चेहरा हळूहळू बदलला. "कागद हातात तुटून राहिले होते," ते म्हणाले. "बांधणाराने खळ लावून जाड कागदावर चिकटवले. मी त्याला सांगायला पाहिजे होतं. वहिनी, मला सुचलंच नाही."

"सोडवता येतील?"

"सोडवले तर दोन्ही बाजू जातील."

आईने एक पान खिडकीच्या उजेडात धरलं. बाबांची शाई तेवढी दिसली. तिने खंड मिटला आणि पदराने त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

"यांचं नीट वाचता येऊन राहिलं," ती म्हणाली. "चांगलं केलं तुम्ही."

परतीच्या गाडीत आमच्या डब्यात एक बाई टोपलीभर संत्री घेऊन बसली होती. आईने तिच्याकडून दोन घेतली, सोलली, एक मला दिलं.

"तुला राग नाही आला?" मी विचारलं.

"यायला पाहिजे," आई म्हणाली. तिने सालं पदरात गोळा केली. "पण येऊन नाही राहिला."

मलाही आला नव्हता. मी संत्र्याच्या बिया हातात धरून बसले, कुठे टाकाव्या ते कळेना.

जूनमध्ये आईला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. ती मराठी आणि शिवण शिकवू लागली. कथा तिने पुन्हा लिहिली नाही. घरी नवं माणूस आलं आणि लिहिण्याचा विषय निघाला, की ती सांगे, "आमच्याकडे हे लिहायचे." समोरचं माणूस अच्छा, अच्छा म्हणे, आणि ती पोहे आणायला आत जाई.