न लावलेला शब्द

माझ्या सुनेने मला फसवले. रोज दुपारी आम्ही दोघे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या घेऊन शब्द लावायला बसतो. माझी शाळा सातवीत सुटली. माझे इंग्रजी हार्डवेअरच्या दुकानातल्या खोक्यांवर वाचलेले. तरी महिनाभर मीच जिंकत होतो आणि मिशीला पीळ देत होतो.

काल ती म्हणाली, "अप्पा, हे मेलं क्यू कुठं बसतच नाही. तुमची पाळी." आणि दूध उतू जाईल म्हणून उठली. उठताना तिची सोंगट्यांची पट्टी माझ्याकडे वळली. तिच्यावर 'क्वीन'ची पाचही अक्षरे ओळीने मांडून ठेवलेली होती.

माझे डोके तापले. दांडी मारलेला तराजू मी लांबून ओळखतो, आणि घरातला ओळखला नाही! माझ्या उरलेल्या सोंगट्यांचा 'बोल्ट' लावून डाव संपवला.

ती परत आली. "घ्या! पुन्हा जिंकलात!" आणि माझ्यापेक्षा तीच जास्त खूश.

मी आयुष्यात प्रत्येक गोष्ट घासाघीस करून मिळवली. मग मी न मागता, मला कळूही न देता, एवढे द्यायला हिला सांगितले कोणी? आज चहाच्या आधी मला उत्तर हवे.