खिळ्यावरची किल्ली

मावशींची संस्था म्हणजे एक खोली. आत चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, एक लोखंडी पलंग. कुणाच्या घरी आजारपण आलं की न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. किल्ली शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात, खिळ्यावर. दुखणं काही वेळ विचारून येत नाही. नाव सांगा, किल्ली घ्या. परत आलेली खुर्ची मावशी स्वतः धुवायच्या.

"कुणी ढापली तर?" भाचीने एकदा विचारलं होतं.

"चाकाची खुर्ची कोण हौसेने ढापतं गं?"

भाचीला या कामात त्यांनीच ओढलं. तिने मैत्रिणी आणल्या. फुकट राबणाऱ्या पोरी बघून मावशींचा ऊर भरून यायचा. यजमान पाय मोडून दवाखान्यात पडले, तेव्हा खोली तिच्यावर सोपवून त्या निर्धास्त गेल्या. भाची रोज डबा आणायची. काकांना हसवायची. ऑपरेशनच्या दिवशी तेवढा डबा मैत्रिणीने आणला. भाचीला ताप होता म्हणे. त्या गडबडीतही मावशींचा जीव तिच्यात अडकला होता.

यजमानांना घरी सोडायच्या दिवशी त्या खुर्ची न्यायला आल्या. खिळा रिकामा.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "भाचीने नेली की. कुलूपही बदललं. म्हणाली, तुम्हीच सांगितलंय."

खोलीत नवं टेबल होतं. भाची त्यामागून उठली.

"मावशी, सांगणारच होते. मीटिंग झाली. सगळ्यांचं म्हणणं पडलं, तुम्ही आता आराम करा. संस्था मी बघेन. सल्लागार म्हणून तुमचं नाव ठेवलंय."

"कधी झाली मीटिंग?"

"काकांच्या ऑपरेशनच्या दिवशी. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."



"खुर्ची दे. ते तिकडे वाट बघतायत."

भाची घुटमळली. "आता दोन ओळखीच्या माणसांची हमी लागते. नियम तुमच्यापासूनच मोडला तर..."

"एक मी," दारातून इस्त्रीवाला म्हणाला. "आजवर कपडे जाळले असतील, शब्द नाही जाळला."

"दुसरी मी होते ना, मावशी," भाची घाईने म्हणाली.



"ताप उतरला का गं?" मावशींनी विचारलं.

भाचीने मान खाली घातली.

"ओळखीचं माणूस हवं म्हणालीस ना?" मावशी इस्त्रीवाल्याकडे वळल्या. "तुझ्या बायकोला हाक मार रे."

आणि त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या.